गोजरबाईला द्यायची माती

मी रखमाजी मानाजी ढवळे, धंदा शेती, राहणार शहागड, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद. शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नका असेच पोरांचे म्हणणे आहे.

राहते घर व, खाली लिहिलेला कोपरा सोडून, काळे रान रामकिसन आणि गिरिधर या माझ्या दोन्ही मुलांनी निम्मेनिम घ्यावे. माझी पहार शेजारच्या कचरूकडे आहे. ती मागू नये, त्याचा मोटेचा नाडा माझ्या हातून विहिरीत गेला आहे.

आता जे लिहायला लाज वाटते ते. धाकटा भाऊ गेल्यावर वाटणी मीच केली. काळे रान स्वतःकडे ठेवले आणि त्याची विधवा गोजरबाई हिच्या पदरात गोदागंगेकाठची वाळूची पट्टी टाकली. उन्हाळ्यात तिथे मीठ फुटून जमीन पांढरी पडे, पाणी घातले तर ठरत नसे. पंचांपुढे मी म्हणालो, "हलकं रान हाय, बाईमाणसाला झेपंल."

माझ्या रानात खालच्या अंगाला एक चिबड कोपरा आहे. नुसती चिकणमाती; पाणी साचते, पीक कुजते. थोरल्या दिराशी समोर बोलायची रीत नाही, म्हणून गोजरबाई दाराआड उभी राहून माझी बायको सोनूबाई हिला म्हणाली, "जाऊबाई, त्यांला म्हणा, कोपऱ्यातली माती नेऊ द्या. वाळूत कालवली तं ओल धरंल, पावसानं मीठ खाली जाईल. मटकी तरी येईल."

मी भिंतीकडे पाहून बोललो, "न्हाई म्हणून सांग. आज माती मागून राह्यली, उद्या रान मागंल."

त्या मातीचा मला काडीचा उपयोग नव्हता. मग ती तळ्यातला गाळ डोक्यावर वाहत राहिली. माझ्याच बांधावरून जायची, आणि मी रिकामी गाडी घेऊन शेजारून जायचो. तिच्या वाळूत आधी मटकी आली, आता हरभरा येतो. दर पौषात ती डहाळे पाठवते. लाज वाटते, तरी मी खातो.

म्हणून तो कोपरा, तिथली सगळी माती आणि ती वाहायला माझी बैलजोडी व गाडी गोजरबाईला द्यावी. मुलांनी वाट अडवू नये. हे वाचताना तिला दाराआड उभे करू नये, माझ्या जागेवर बसवावे. सोनूबाईने तिला सरळ विचारावे, माती घेतेस का? ती नाही म्हणाली तर गळ घालू नये. माझे ‘नाही’ तिने निमूट ऐकले. तिचे तुम्ही ऐकावे.

लिहिलेले वाचून दाखवले. मान खाली घालून ऐकले. बराबर आहे.

निशाणी डावा अंगठा: रखमाजी मानाजी ढवळे
साक्षीदार: कचरू तुकाजी गाडेकर, काकासाहेब येडूजी मापारी
लिहिणार: नरहर गोविंद जोशी
शहागड, पौष शुद्ध पंचमी, सन १३५३ फसली