पानगळीच्या झाडाची अट

मी, खाली अंगठा उठवणारी, या घराची मालकीण, वय विचारू नये इतकं, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही. लिहिताहेत वकिलांचे कारकून. त्यांना बजावलं आहे, बोलेन ते जसंच्या तसं उतरवा, मध्ये शहाणपण घालू नका.

घर, अंगण आणि बँकेत असेल ते माझ्या एकुलत्या मुलाला. कानातलं सूनबाईंना, त्यांना आवडत नाही, माहीत आहे, तरी त्यांनाच.

शिडीही मुलालाच. अंगणात पूर्वी पानगळीचं मोठं झाड होतं. दर वर्षी पानांनी छपराची पन्हाळ तुंबायची आणि ती साफ करायला मुलगा दूरवरून यायचा. तो वर, मी खाली शिडी धरून.

"आई, हलवू नकोस!"

"मी नाही रे, तुझं पोट हलतंय!"

आमचं खरं बोलणं त्या शिडीवरच व्हायचं. नोकरी गेली तेही त्याने मला वरूनच सांगितलं, छपराकडे तोंड करून.

मग माझी कंबर धरली. पोराला कळवळा आला. त्याने झाड तोडून चांगलं वाढलेलं सदाहरित झाड आणून लावलं. "आई, आता झाडायला नको, पन्हाळीची कटकट नको." खरंच कटकट गेली. तेव्हापासून तो आलेला नाही. फोनवर विचारतो, "पन्हाळ तुंबत नाही ना?"

"नाही रे."

"मग सगळं ठीक ना?"

"ठीक."

नव्या झाडाशी माझं वैर नाही. ते बारा महिने हिरवं. फोनवर मीही बारा महिने 'बरी' असते. पण जुनं झाड थंडीत पानं टाकून ओट्यावर ऊन येऊ द्यायचं. हे देत नाही. भर दुपारी शाल लागते.

खराटा शेजारणीला. आमची पानं तिच्या दारात जायची म्हणून ती रोज भांडायला यायची. आता तिलाही काम उरलं नाही. ती या कागदाची साक्षीदार, आणि कारकून म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून खराटा आजच देऊन टाकला. "पण पानं कुठायत?" म्हणाली. येतील म्हटलं.

घरासाठी अट एकच. हिरवं झाड तोडू नये, त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय? पण ओट्याच्या दुसऱ्या अंगाला पानगळीचं झाड मुलाने स्वतःच्या हाताने लावावं. उद्या तोही म्हातारा होणार. त्याच्याकडे यायलाही कोणाला निमित्त हवं. रोप मी आणून डब्यात ठेवलं आहे.

कारकून सांगतात, अट माझ्यामागेच लागू होईल. मग याची नक्कल मुलाला आजच्याच टपालाने पाठवावी. रोप डब्यात फार दिवस तगणार नाही. मीही नाही, पण हे शेवटचं लिहू नका.

अंगठा: घरमालकीण, डाव्या हाताचा
साक्षीदार: शेजारीण (सही)
साक्षीदार: समोरचा शिंपी (सही)
ठिकाण: माझा ओटा, सावलीत
दिनांक: पानगळ सुरू झाली तो सोमवार, आमच्याकडे नाही, पलीकडच्या गल्लीत