एक चुकलेला बाण

कॉव्हेंट्री,
१२ जानेवारी २०२५

ती. मीनाक्षीमावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतेस, म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस, कित्येक वर्षांनी हातात पेन धरलंय.

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. यकृताच्या पेशीतली जनुकं आणि प्रथिनं एकमेकांना चालना देतात, नाहीतर दाबून धरतात. त्यातल्या एक्केचाळीस जणांचा कारभार मी गणितात मांडते. चालना दिली तर बाण, दाबलं तर आडवी रेघ. मग एखादं औषध दिल्यावर या सगळ्या जाळ्याचं काय होईल, त्याचा अंदाज आधीच येतो. आमचे प्रमुख डॉ. व्हिटकम यांनी अकरा वर्षं खपून हे मॉडेल उभं केलं. त्यावरून कॅन्सरच्या एका नव्या औषधाचा डोस ठरलाय आणि मार्चमध्ये ते पहिल्या बारा रुग्णांना देणार आहेत.

मावशी, त्यातला एक बाण चुकलाय. ज्या शोधनिबंधावरून तो घेतला, तो मूळ पेपर मी काढून वाचला. तिथे त्या बाणाच्या टोकाचं एक प्रथिन दुसऱ्याला दाबतं, आमच्या मॉडेलमध्ये चालना देतं. मी दुरुस्ती करून मॉडेल पुन्हा चालवलं. पूर्वी औषध थांबवलं की निरोगी पेशी चार दिवसांत सावरायची. आता सावरत नाही. औषध गेलं तरी ती त्याच अवस्थेत अडकून राहते.

व्हिटकमना सांगितलं. ते म्हणाले, चाचणी सुरू होऊ दे, पुढच्या पेपरमध्ये बघू. मी दारापर्यंत गेले तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाले, की माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद त्यांच्याच टेबलावर सहीला पडलेत. माझा करार ३१ मार्चला संपतो.

आईला यातलं काही कळवू नकोस. काकांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
आसावरी

ईलिंग,
२० जानेवारी

चि. आसावरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आईला शाळेत अक्षराचं बक्षीस मिळायचं, तुझे मात्र कोंबडीचे पाय. पण कळलं सगळं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं रक्त तपासलंय मी.

तरी ऐक. आधी सही होऊ दे, मग बोल. परक्या देशात एकाच माणसाच्या सहीवर उभं असताना त्याच्याशी वाकडं घेऊ नये.

काकांना आता घर ओळखू येत नाही. दर अर्ध्या तासाने म्हणतात, चल, घरी जाऊ. शेहेचाळीस वर्षं याच घरात राहतोय आम्ही. डिसेंबरमध्ये सपाता घालून बाहेर पडले, पोलिसांनी परत आणून सोडलं. तेव्हापासून दाराला वर बोल्ट लावलाय. कौन्सिलची केअरर मंगळवारी तासभर येऊन त्यांच्यापाशी बसते, तेवढ्यात मी केस धुते आणि औषधं आणते. माझी मैत्रीण अरुणा रीडिंगला सारखी बोलावते. पाच वर्षांत जाणं झालेलं नाही. हे रडगाणं नाही गं. सगळ्या वाटा बंद झाल्यावर माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तुला सांगते.

तब्येत सांभाळ. मनातलं लिहीत जा.

तुझी,
मावशी

कॉव्हेंट्री,
२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. सही होईपर्यंत थांबले असते, तर तोवर औषध रुग्णांच्या पोटात गेलं असतं.

लॅबमधल्या ईशिताने खऱ्या यकृतपेशी वाढवल्या, त्यांना औषध दिलं, मग ते धुऊन काढलं. चार दिवसांनी तिने मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं आणि बाजूला झाली. पेशी वाढवलेल्या नऊ डिश होत्या. एकीतलीही पेशी सावरली नव्हती. मी चाचणीच्या सुरक्षा समितीला माझ्या नावाने पत्र लिहिलं.

तीन आठवडे लॅबमध्ये ईशिता सोडून कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मी किचनमध्ये गेले की लोक कप घेऊन निघून जायचे. शुक्रवारी उत्तर आलं, चाचणी थांबवली. दुपारी व्हिटकम स्वतः येऊन सांगून गेले, की मुदतवाढ मिळणार नाही. आवाज शांत होता, पण बोलताना माझ्या टेबलावरचे कागद ते पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मला त्यांची कीव आली. ती येईल असं वाटलं नव्हतं.

सात ठिकाणी अर्ज केले. सगळ्यांना व्हिटकम यांचंच शिफारसपत्र हवंय. व्हिसा ३० एप्रिलपर्यंत आहे आणि खोली महिनाअखेर सोडायची आहे. त्यानंतर व्हिसा संपेपर्यंत तुझ्याकडे येऊ का? नाही म्हणालीस तरी माझ्या मनात काही येणार नाही.

तुझीच,
आसावरी

ईलिंग,
५ मार्च

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

विचारतेस काय? ये. मागची खोली आवरून ठेवलीय. त्या बारा जणांना तुझं नावही कळणार नाही. मला कळलं, एवढं पुरे समज. माझा सल्ला चुकीचा होता.

मावशी

रीडिंग,
१४ एप्रिल

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू मला जवळजवळ ढकलूनच घराबाहेर काढलंस. नीट पोचले. अरुणाने थालीपीठ केलं होतं. जेवले आणि सलग दहा तास झोपले. आज तिच्यासोबत नदीवर गेले, पाय दुखेपर्यंत चालले. कोणी हाक मारली नाही. फोनवर ऐकलं त्यावरून काका तुलाच मीनाक्षी समजतात असं दिसतं. समजू देत. भात कालवून दिलास तर दोन घास जास्त खातील.

एक सांगायचंय. तू माझ्यापासून काही लपवलं नाहीस, मग मीही लपवत नाही. काल ट्रेनमध्ये बसले तेव्हा वाटलं, आता परत जाऊच नये. आज सकाळी उठल्यावरही तेच वाटलं. अरुणा म्हणते, महिनाअखेरपर्यंत राहा. मी म्हटलं, पोरीला तीस तारखेच्या आत देश सोडायचाय, तिने तिचं सामान कधी बांधायचं? ती गेल्यावर त्या घरात मीच असणार. काकांच्या देखभालीसाठी आणखी मदत कौन्सिलकडे मागितली तर म्हणतात, प्रतीक्षा यादीत नाव आहे.

गुरुवारी चारपर्यंत येते. वाटलं ते लिहिलं, वागणार तसं नाही. पण वाटलं होतं, हे तुला माहीत असू दे.

मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचे असतात, मागायचं काही नसतं. तरी मागते. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी