थंडीतले बिबडे

१४ नोव्हेंबर १९८७

बेबानं आजही केस विंचरले नाहीत. दिवाळी सरली की दरवर्षी हेच. उन्हाळ्यात साऱ्या गल्लीला हसवणारी माझी ही धाकटी जाऊ थंडीत भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या द्या आणि रोज सकाळी दोन तास उन्हात बसवा. अभिमनभाऊंनी बजावलंय — बायकोचं जेवण सुटलं तर पुन्हा नाशिकचा दवाखाना. मागच्या वर्षी तिथून आली ती महिनाभर मला ओळखत नव्हती. नको!

१७ नोव्हेंबर

गच्चीवर यायला तयार नाही. "लोके म्हनतीन, रिकामी बशेल शे."

माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या पायऱ्या आठवल्या. हिवाळ्यात तिथं छान ऊन यायचं. हातात भरतकाम असेल तरच सिस्टर बसू द्यायच्या.

१९ नोव्हेंबर

अर्धी भाकरी.

२१ नोव्हेंबर

बेबानं ज्वारी भिजत घातली — बिबड्यांसाठी! हे पापड घालणं तर चैत्रातलं काम. शेजारच्या सुनंदाबाईंनी भिंतीवरून विचारलं, आंबेही उतरवले का? अभिमनभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मीच सांगितलं तिला, म्हटलं. खोटं बोलले.

२५ नोव्हेंबर

पहाटे उठून तिनं त्या ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवला. गच्चीवर ओलं धोतर अंथरून त्यावर बिबडे थापले. घाटा कढत, पण हात मागे घेतला नाही. काय बाई आहे! फक्त — दरवर्षी तिचे बिबडे कागदासारखे पातळ असतात. आज भाकरीएवढे जाड. हाताचा अंदाजही गेला का?

३० नोव्हेंबर

वाळत नाहीत. ऊन सरकेल तसं ती धोतर सरकवते, मागोमाग स्वतः. अकरापर्यंत वरच. मीही शेजारी. आज एक भाकरी आणि वर ताक.

४ डिसेंबर

कडांना बुरशी. मला रडू आलं, तिला नाही. शांतपणे सगळे काढले, गाईला घातले नाहीत, खड्ड्यात पुरले. संध्याकाळी पुन्हा ज्वारी भिजत! एवढी चिकाटी माझ्यात कुठली?

८ डिसेंबर

पुन्हा जाडच. वेणी मात्र घातलीय.

१२ डिसेंबर

आज न राहवून म्हटलं, बेबा, पुढचे पातळ थाप गं, वाळतील तरी.

हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"पातळ थापसू ते एक दिनमा वाळतीन, अक्का. मंग मी वर कशाले येसू?"