जिन्यातली चौकट

४ नोव्हेंबर, सोमवार

संपले एकदाचे गणिताचे पेपर! मान धरलीय, दोन बोटं लाल शाईने माखलीत. वर्गातले सगळे पेपर मी तपासले, फक्त माझ्या लेकीचा नाही. पोटच्या पोराचा पेपर आपण तपासायचा नाही हा शाळेचा नियम, म्हणून तो भूमितीवाल्या सरांकडे. त्यांनी मला आकडा तेवढा सांगितला – नव्याण्णव.

आणि माझ्या गठ्ठ्यात भिंगरीला शंभर. शिंप्याची ही मुलगी एका जागी पाच मिनिटं बसत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. लेकीच्याच बाकावर बसते.

एका मार्काने गेलं. वाईट वाटलं का? वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मोठ्या बाईंनी सकाळी मैदानात नाव जाहीर केलं. गणितात पहिल्या येणाऱ्याची उत्तरपत्रिका चौकटीत घालून आम्ही वर्षभर जिन्यात लावतो. मुलं वर जाताना थांबून वाचतात, पालकसभेला आलेले लोकही वाचतात. शनिवारी कार्यक्रम.

दुपारी शिंपी आला, गळ्यात टेप तसाच. "बाई, घरची किती माणसं आणली तर चालतील?" म्हटलं, आणा हवी तेवढी. "मग बावीस आणतो," म्हणाला. मला हसूच आलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहायला हवं.

चौकटीसाठी भिंगरीची उत्तरपत्रिका काढली. डाग वगैरे नाही ना म्हणून एकेक पान बघत होते. सहावा प्रश्न, चार मार्कांचा. तिसऱ्या ओळीत तिने वजाचं चिन्ह गाळलंय. चुकलं. पुढे पाचव्या ओळीत नको तिथे दुसरं वजा घातलंय. तेही चुकलं. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन बसल्या आणि उत्तर आलं बेचाळीस. बरोबर!

मी बेचाळीस बघितलं आणि चार मार्क देऊन मोकळी झाले. एकवीस वर्षं मुलांना सांगतेय – नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखवा. आणि स्वतः पायऱ्या न बघता खाली उतरले.

दोन मार्क कापायला हवेत. म्हणजे भिंगरी अठ्ठ्याण्णव.

म्हणजे पहिली कोण? – माझी.

ही दुरुस्ती दुसऱ्या कुणाच्या फायद्याची असती तर आत्तापर्यंत मोठ्या बाईंच्या खोलीत असते मी. आणि आज कपाटाला कुलूप लावून घरी आले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

भूमितीवाल्या सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं, दोनदा वाचलं. मग म्हणाले, "उत्तर बरोबर आहे ना? मग मिटवा. लोक काय म्हणतील कळतंय ना तुम्हाला?" कळतंय. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

तरी मोठ्या बाईंकडे गेले, त्यांनी दोन्ही ओळी ताडून बघितल्या. मग म्हणाल्या, "मार्क बदलायचे तर बदला, सही मी करते. पण शिंप्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. मी सांगणार नाही."

संध्याकाळी लेकीला सांगितलं. घरी शाळेचं बोलायचं नाही असा आमचा करार आहे – शाळेत मी बाई, घरी आई – पण आज मोडला. वाटलं, उडी मारेल. तर पोरगी पांढरीफटक. "नको ना आई. राहू दे. कुणाला सांगू नकोस." म्हटलं, अगं, पण चूक आहे. "असू दे ना. तिलाच राहू दे पहिली." आणि आत जाऊन दार लावून बसली.

मैत्रिणीसाठी जीव तुटतोय हिचा. कुणाचं मन एवढं मोठं असतं या वयात? अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही. कारण मला ती चौकट हिच्यासाठी हवीय. प्रामाणिकपणा आहेच, पण हवीय पण. यातलं किती काय, मलाच वेगळं काढता येत नाहीये.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले दुकानात. शिंपी भिंगरीच्याच नव्या झग्याला बटणं लावत होता, निळा, पांढऱ्या कॉलरचा. बसा म्हणाला, स्टूल पुसून दिलं. मी उत्तरपत्रिका काढून त्याच्यासमोर उघडून ठेवली.

भिंगरीने मागून डोकावून बघितलं. "बाई, हे वजा कुठं गेलं?" बोट खाली सरकलं. "आणि हे कुठून आलं?" मग बोट तिथेच टेकवून उभी राहिली. एवढी स्थिर मी तिला कधी बघितली नव्हती.

मी बापाला समजावलं – दोन चुका, माझी नजरचूक, दोन मार्क. त्याने दात लावून दोरा तोडला. आवाज चढवला नाही. "तुमची पण मुलगी याच वर्गात आहे ना, बाई?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग झालं," म्हणाला, आणि झगा घडी करून बाजूला ठेवला. घरी येईपर्यंत ते "मग झालं" डोक्यातून गेलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

झाला कार्यक्रम. लेकीचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या – वाजवायच्या म्हणून. बावीस माणसांची रांग रिकामी. भिंगरी मात्र आली होती, जुन्याच झग्यात, आणि जोरात टाळ्या वाजवत होती. लेक बक्षीस घेताना तिच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. नवरा म्हणाला, "तू केलंस ते बरोबर केलंस."

११ नोव्हेंबर, सोमवार

शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "बरी सापडली चूक, अगदी वेळेवर." ऐकून न ऐकल्यासारखं केलं. होईल शांत. उत्तरपत्रिका जिन्यात लागली की सगळ्यांना दिसेलच ना, पोरीने काय सुरेख पेपर सोडवलाय ते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी लेकीची उत्तरपत्रिका चौकटीसाठी दिली. आज पहिल्यांदा बघितली.

गेलेला मार्क पहिल्याच प्रश्नाचा. पेपरातला सगळ्यात सोपा. उत्तर लिहिलेलं, अगदी बरोबर, आणि त्यावर पट्टी लावून सरळ रेघ मारलेली. खाली दुसरं उत्तर नाही.

घरी तिच्यासमोर ठेवली. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भिंगरीला शंभर पडणार हे माहीत होतं मला. तू शिकवतेस तोवर मला पहिलं यायचंच नव्हतं, आई."