शेवटचं पाणी

ता. ८ फेब्रुवारी १९३०

ती बाई आज दाराशी आली. मिशनच्या दवाखान्यातली — दिवलीबाई. माझा भाईदास जिच्या समोर गेला, तीच. तळोद्याच्या बाजाराला आली होती म्हणे. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. ओट्याखालीच उभी राहिली, वर चढली नाही. हातातलं गाठोडं पुढे केलं. "बाई, पोऱ्याना कपडा शेतस."

गाठोड्यात त्याचा खाकी कोट, सदरे, एक धोतर. धडगावला जंगल खात्यात कारकून म्हणून लागला तेव्हा मीच कोट शिवून घेतला होता. ती वळल्यावर नाकाशी नेला — साबणाचा वास! धुवून आणलाय. इतक्या दिवसांनी आणला, आणि तो धुवून. कुणी सांगितलं होतं हिला? माझ्या पोराचा वास तिनं दगडावर आपटून घालवला. की त्यातून काही घालवायचंच होतं?

बस म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही.

ता. ११ फेब्रुवारी

झोप नाही, जेवण जात नाही. सगळं एकदा लिहून काढते. वडील मास्तर होते म्हणून मला लिहिता येतं, नाहीतर हे कुणाला सांगितलं असतं?

कार्तिकात धडगावला त्याला हिवताप भरला. तो डोक्यात चढला. पाड्यावरच्या लोकांनी झोळीत घालून घाट उतरवला. पायथ्याला मिशनचा दवाखाना आधी लागला, तिथंच ठेवला. पाद्रीसाहेब दौऱ्यावर, दवाखान्यात ही एकटी बाई. आम्हाला निरोप मिळून दमणी जुंपून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एकोणीस वर्षांचा, एकुलता एक. त्याचे वडील गेले तेव्हा हा रांगत होता. भावजी — माझे दीर गिरधर पाटील, त्यांच्याच घरात मी राहते — माझ्या पुढे आत गेले. त्यांना ती म्हणाली, "मी त्याले पानी दिधं."

झालं! पाणी दिलं म्हणजे काय दिलं? आपण मरणाऱ्याच्या तोंडात घालतो तेही पाणी देणंच. आणि पाद्री माणसाला ख्रिस्ती करताना डोक्यावर पाणी घालतो, त्यालाही इकडे पाणी देणंच म्हणतात. अमक्या पाड्यावर पाच घरांना पाणी दिलं — बाजारात लोक असंच बोलतात. दमणी परत तळोद्याला येईस्तोवर त्या शब्दाला पाय फुटले होते. दहाव्याला कावळा शिवेना. भावजी नदीकाठी सगळ्यांदेखत बोलले, "कसा शिवी? पोऱ्या बाटी गया." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आता पुढे आखाजी आहे, अक्षय तृतीया. वर्षात गेलेल्या माणसाची पहिली घागर त्या दिवशी भरतात. ते पाणी त्याला पोचतं. भावजी म्हणतात, बाटलेल्याची घागर या घरात भरायची नाही. भटजी म्हणतात, घरच्या माणसानं खात्रीनं सांगावं, मग बघू. खात्री कुठून आणू? घरातले सगळे गेलेले त्या दिवशी पाणी पितील आणि माझं पोर दाराबाहेर तहानलेलं उभं राहील. मला दुसरं काही नको. ते पाणी कसलं होतं, तेवढं कळू दे.

ता. १५ फेब्रुवारी

बाजार. ती पुन्हा आली! रिकाम्या हातानं. ओट्याच्या कडेला टेकली. "बरी शे ना बाई?" एवढंच. मी तांदूळ निवडत होते, निवडतच राहिले. थोड्या वेळानं उठून गेली.

हिला हवंय काय?

ता. १६ फेब्रुवारी

शेजारच्या कौसाबाईला सगळं ठाऊक असतं. म्हणाली, "आशेच सुरू करतस त्या. पहिले येतस, बठतस. मंग हळूच पुस्तक काढतस. मंग गाना. मंग तू गयी."

पुस्तक काढू दे तर खरं. चुलीत घालीन.

ता. २२ फेब्रुवारी

आली. पुस्तक काढलं नाही. पिशवीत हात घातला तेव्हा मी सावध झाले — तर सुपारी काढली. मला पुढे केली. मी नको म्हटलं. कौसाबाई भिंतीआडून बघत होती, तिचीही निराशा झाली असणार.

ता. १ मार्च

आज तिनं विचारलं, "घरमा त्याले तू काय म्हनत व्हती, बाई?"

हिला माझ्या पोराचं घरातलं नाव कशाला हवं? कागदावर घालायला? ख्रिस्ती करताना नवं नाव ठेवतात, तेव्हा जुनं विचारून घेत असतील. सांगितलं नाही. "भाईदास म्हणजे भाईदास," म्हटलं आणि आत गेले. दाराच्या फटीतून पाहिलं. ती तशीच बसली होती, आपल्या हातांकडे बघत.

चोरट्या माणसाचं बसणं वेगळं असतं. हिचं तसंच आहे. काहीतरी आहे हिच्या पोटात.

ता. ८ मार्च

आज सरळ विचारलं. "तू पाणी दिलं म्हणालीस. कसलं पाणी? तोंडात की डोक्यावर?"

चेहरा उतरला तिचा. खरं असतं तर पटकन बोलली असती की नाही? "पानी ते पानी, बाई," म्हणाली. मी म्हटलं, "शपथ घे." तर म्हणते, "आमनामा शपथ लेतस नही." आणि उठली. छत्री विसरून गेली. विसरली की ठेवली? परत यायला निमित्त.

आता मला शंकाच राहिली नाही.

ता. १० मार्च

छत्री ओसरीत आहे. भावजी विचारत होते कुणाची. कौसाबाईची म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

ता. १४ मार्च

होळी. आमच्याकडे यंदा नाही. डोंगराकडून ढोल ऐकू येत होते. पोरगा पहिल्यांदा धडगावला गेला तेव्हा तिथली होळी बघून आला होता, घरात नाचून दाखवत होता. सगळे हसून हसून बेजार. आज घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. मी ऐकलं तर रडेन म्हणून. आणि बाटला म्हणून. दोन्हीसाठी.

ता. २२ मार्च

ती छत्रीला आलीच नाही. गेल्या बाजारीही नाही. ओट्यावर तांदूळ घेऊन बसले होते. निवडलेलेच पुन्हा निवडले.

ता. २९ मार्च

नाही आली.

मला काय त्याचं?

ता. २ एप्रिल

भावजी पायथ्याला जाऊन पाद्रीसाहेबांना भेटून आले. तावातावानं गेले होते, येताना गप्प. साहेब म्हणाले म्हणे, त्या दिवसांत मी दौऱ्यावर होतो आणि माझ्यामागे इथं कुणाला बाप्तिस्मा देत नाहीत. शिवाय शुद्धीत नसलेल्या पोराला असं पाणी द्यायचं नसतं. भावजी म्हणाले, "गोड बोलस गोरा. पन त्या बाईले बलावं ते ती रडाले लागनी. खरं बोलनारी रडस का?"

मलाही तेच वाटतं. पाद्री नव्हता, कबूल. मग बाईनंच आपल्या हातानं काही केलं असेल. पुण्य लागेल म्हणून. पाद्रीपासूनही लपवत असेल! मरताना पोराला काही कळत नव्हतं, कुणीही काहीही करावं त्याला —

आई नव्हती ना तिथं. असती तर हात धरला असता तिचा.

ता. १२ एप्रिल

भटजी येऊन गेले. आखाजी तोंडावर आली, ठरवा म्हणाले. माझ्याकडे ठरवायला काय आहे?

ता. १९ एप्रिल

आज आली.

ऊन कलल्यावर आली. तोंड सुकलेलं. काल त्यांचा मोठा उपास होता, येशू मेला तो दिवस. आज आपणहून ओट्यावर चढली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाई, आज सांगस. मंग तू माले काय बी कर."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

झोळी उतरवली तेव्हा पोरगा अजून शुद्धीत होता. ओठ फुटलेले. हिनं पाणी पुढे केलं. त्यानं विचारलं, तू कोण? ही म्हणाली, भिलीण. त्यानं तोंड मिटून घेतलं. आमच्या घरची रीतच तशी, तो त्यातच वाढला. दुसऱ्या जातीचं माणूस आणावं तर वस्ती सगळी भिलांचीच. तापावरचं कोयनेल जाईना, पाणी जाईना, अंग तव्यासारखं. ही विनवत राहिली, तो मान फिरवत राहिला. मग भ्रम झाला, मीच आले असं वाटलं त्याला. डोळे उघडून हिच्याकडे बघून म्हणाला, "माय, तू उनी का?"

"आनी मी सांगं, हां भाऊ, मी उनी." दिवलीबाई सांगू लागली. "तुन्हासारखं बोलनू. तुमनी बोलीमा. मी तुन्ही माय शे, पी ले, सांगं. तो पिधा बाई. पूरा तांब्या पिधा. मन्हा हात धरीसन झोपना. मंग उठना नही."

ती पुढे बोलत राहिली.

"मरनारा मानूससंगे खोटं बोलनू. पाद्रीले सांगं ते तो म्हने, देव माफ करी. देव करी, माले माहीत शे. पन मी तुन्ही जागा चोरी. ते तुलेच सांगाले पाहिजे. म्हनीसन येत व्हतू. दर बाजारले येत व्हतू, आनी तोंड उघडेना."

म्हणजे हे होतं पोटात. मी समजत होते ही माझं काही न्यायला येते, आणि ही परत करायला येत होती.

खरं लिहिते. आधी राग आला. माझं नाव घेऊन, माझ्या बोलीत — माझ्या पोराचा शेवटचा हात हिच्या हातात! उठून हाकलून द्यावं असं वाटलं. मग तो तांब्या डोळ्यासमोर आला. पूरा पिधा. तो तहानलेला गेला नाही. इतके दिवस मी फक्त त्याच्या तहानेचाच विचार करत होते, आणि तो पोटभर पाणी पिऊन झोपला होता. मला रडू फुटलं. दहाव्याला रडले नव्हते तशी रडले. ती मला धरायला पुढे झाली आणि थांबली, शिवू की नको म्हणून. मीच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. कौसाबाई बघत असेल तर बघो.

मग ती म्हणाली, "काल देऊळमा पाद्रीनी वाचं. आमना येसू मरना तव्हय त्यान्ही माय समोर उभी व्हती. देवना पोऱ्याले बी माय लागनी. तुन्हा पोऱ्यानी नव्हती. म्हनीसन मी उभी ऱ्हायनू. दुसरं काही माले सुचनं नही."

आमचे लोक मला रोज सांगतात — नशीब, भोग, असेल मागच्या जन्माचं. कशानं काही वाटत नाही. या एका गोष्टीनं वाटलं. देवाच्या आईनंही पोर जाताना पाहिलं. ती मला ओळखेल. माझ्या जागी आपलं कुणीतरी उभं करावं, एवढं तिला सुचलं असेल.

जाताना दिवलीबाईनं पुन्हा तेच विचारलं. घरात त्याला काय म्हणायचीस? तिला तीच टोचणी होती. पोरानं म्हटलं होतं, माय, माले नाव घीसन हाक मार. हिला नाव कुठलं ठाऊक? झोळीवाल्यांना नुसता 'कारकून' माहीत. ही नुसती "मन्हा पोऱ्या" म्हणाली. तेव्हा त्याला कळलं असेल का ही आई नव्हे म्हणून? कळून मग प्यायला असेल का? रात्ररात्र ती हेच घोळवत बसते.

मी त्याला 'भायू' म्हणायचे. दुसरं काही कधीच नाही.

तिला सांगितलं, "मन्हा पोऱ्या, असंच म्हणायचे मी."

तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, "तुमचं काय म्हणायचं असेल ते म्हण आता त्याच्यासाठी. पुस्तक असेल तर काढ." पुस्तक नव्हतंच पिशवीत. तिनं आपल्या बोलीत काही म्हटलं. मला त्यातलं भाईदासचं नाव कळलं, आणि 'याहा' कळलं. याहा म्हणजे आई, एवढं इकडे सगळ्यांना कळतं. घरात महिनोन्महिने कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. आमच्याच ओट्यावर देवाला मोठ्यानं सांगितलं तिनं.

छत्री दिली. ती खरंच विसरली होती.

ता. २४ एप्रिल

भावजींना काय सांगू? मरणाऱ्याच्या ओठांवरच्या थेंबाचं कुणी धरत नाही, पण खरं सांगितलं तर भिलिणीच्या हातचं तांब्याभर प्याला. म्हणजे बाटलाच. घागर नाहीच.

ता. २८ एप्रिल

नीट झोप लागली. सकाळी उठल्यावर वाईट वाटलं, झोप लागली म्हणून. मग तेही गेलं.

आखाजी

भावजींना न विचारता मीच नवी घागर मांडली. भटजींनी हातात पाणी घेण्याआधी सगळ्या भाऊबंदांदेखत विचारलं, "आता तुम्ही सांगा. मुलाला शेवटचं पाणी कोणाच्या हातचं?"

मी म्हटलं, "त्याच्या आईच्या."

आमची दमणी किती उशिरा पोचली ते भावजींना ठाऊक आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बघितलं. घागर मी काठोकाठ भरली.