बिजागरीतला पितळी पत्रा

प्रिय चिंगे,

पत्र मुद्दाम तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवतेय. आधी महत्त्वाचं सांगते: रविवारच्या स्पर्धेत तुला बाबांची रायफल मिळणार नाही. नाक फुगवशील, ताईला सगळीकडे भुतं दिसतात म्हणशील. खुशाल म्हण. बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईने संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? आमच्या धंद्यात भोळ्या माणसाला बोटं कमी असतात.

तुझा नवरा मंगळवारी रायफल घेऊन दुकानात आला. तू निरोप दिला होतास की पहिल्या दोन-तीन गोळ्या नेमक्या बसतात आणि मग वर चढायला लागतात. मला वाटलं, साधं काम आहे. मधोमध दुमडून उघडणाऱ्या एकबारी रायफलीची नळी बिजागरीवर टांगलेली असते, तिच्याखालचं लाकूड जास्त आवळलं की तापलेली नळी वर ढकलली जाते. स्क्रू जरा सैल केला की झालं. पण हा म्हणाला, आत्ताच करून द्या, मी थांबतो. अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस माझ्या दुकानात कधी खुर्चीला टेकला नव्हता, तेलाच्या वासाने डोकं चढतं म्हणायचा. आणि रायफल कशी, तर लख्ख पुसलेली, तेल नुसतं गळत होतं. ज्याचे बूटसुद्धा तू पुसतेस त्याला हा उमाळा कुठून आला? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुझ्या वाढदिवसाला त्याने एका कारागिराकडून या रायफलीची नळी मोठ्या जोराच्या काडतुसासाठी आतून कोरून आणली, तेव्हा तू फोनवर किती हरखली होतीस. बाबा असते तर त्यांनी आधी त्याला आणि मग त्या कारागिराला फैलावर घेतलं असतं. म्हातारीशी हळू बोला, म्हणायचे ते या रायफलीबद्दल. जुन्या मंद काडतुसासाठी घडवलेली ती रायफल. काडतूस पेटलं की त्याचं बूड मागच्या पोलादी भिंतीवर लाथ मारतं. नळी कितीही जाड असो, तो सगळा मार शेवटी बिजागरीवर आणि रायफल मिटून धरणाऱ्या खटक्यावर येतो. काडतूस जितकं जोराचं, तितका मार मोठा. आणि त्या भिंतीला लागूनच, चिंगे, तुझा गाल असतो.

मी बाबांच्या पद्धतीने कागद लावला. पातळ कागदाची पट्टी नळी आणि भिंत यांच्यामध्ये धरायची, रायफल मिटायची आणि पट्टी ओढायची. फाटली तर सांधा घट्ट, सुळकन बाहेर आली तर सैल. पट्टी फाटली. मी काही विचारण्याआधीच हा म्हणाला की बघा, अगदी ठणठणीत आहे. चोराच्या मनात चांदणं! इतक्या वर्षांची रायफल, त्यावर ही दांडगी काडतुसं, आणि सांधा नव्यासारखा? मला पटेना. नळी उतरवली, सगळं तेल रॉकेलने धुतलं, तर नळीखालच्या, बिजागरीत अडकणाऱ्या आकड्यातून नखाएवढा पितळेचा पत्रा ब्रशला लागून बाहेर आला. तो काढून कागद लावला, तर दुहेरी घडीसुद्धा आरामात बाहेर आली.

सैल सांध्यात असा पत्रा सारला की रायफल घट्ट भासते, दोन-तीन गोळ्या नेमक्याही जातात. मग मऊ पितळ चेपतं आणि नळी हलायला लागते. तुझा नेम तिथे सुटत होता, तुझ्या हातात खोट नव्हती. रायफलीच्या पिशवीच्या खिशात झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी राहून गेली होती. तिच्या बुडाजवळ गोल चमकती रेघ आहे, म्हणजे धातू ताणून ताणून फाटायच्या बेताला आलाय. पुढची एखादी फाटली असती तर आतली आग मागे, तुझ्या डोळ्यात आली असती.

तुझा नवरा म्हणाला, कारागिराने घातला असेल पत्रा. मी त्याच्यासमोरच कारागिराला फोन लावला. तो भडकलाच. गेल्या महिन्यात हे गृहस्थ सैल सांधा घेऊन आले होते, मी सांगितलं की आता ही झाडू नका, घरात शोभेला टांगा, तर उचलून चालते झाले, म्हणाला. फोन ठेवला तर तुझ्या नवऱ्याचा चेहरा उतरलेला. मग गयावया करायला लागला. मीच दिलेली भेट, मीच वाटोळं केलं असं कसं सांगू, म्हणून पत्रा सारला, एवढी स्पर्धा होऊ द्या, तिला काही बोलू नका. मानापायी बोलत होता की आणखी काही होतं, देव जाणे. मी त्याच्या मनात शिरलेले नाही.

तो गेल्यावर मी नळीचा आकडा करवतीने कापला, म्हणजे ती पुन्हा कुणालाच झाडता येणार नाही. बाबांची रायफल मी कापली. रडले, पण कापली. तो घरी येऊन सांगेल की ताईने मत्सराने रायफलीचं वाटोळं केलं. सांगू दे. एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, फोनवर भांडून मोकळी झाले असते.

लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. गयावया चालली होती तेव्हा मी पत्रा परत आत सारला, रायफल मिटली आणि शेजारी एक काडतूस ठेवलं. ते बिनदारूचं होतं, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, दुकानामागे मातीचा बांध आहे, गालाला लावून एकच गोळी झाडा, मी तिला अवाक्षर सांगणार नाही. त्याने रायफल उचलली, खांद्यापर्यंत नेली आणि खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला मुलं आहेत, ताई." चिंगे, ती मुलं तुझीही आहेत. वरची खोली मी झाडून ठेवली आहे.

तुझीच,
ताई