लवंगीचा डावा पाय

कोल्हापूर,
बुधवार, दुपार

प्रिय जुले,

"घोडं बक्षिसाकडं पळत न्हाय गं, माघारी घराकडं पळतंय." नववीत असताना तू हे म्हणाली होतीस. कडब्याच्या गंजीवर बसून आपण ओल्या शेंगा खात होतो आणि खाली तुझे अब्बा, कुतुबुद्दीनचाचा, आमच्या पाखऱ्या घोड्याला खरारा करत होते. मी हसले होते. मला तेव्हा बक्षिसापलीकडचं काही दिसतच नव्हतं. आज तीस वर्षांनी तेच वाक्य मला सकाळपासून कामाला हात लावू देत नाही.

अक्षर ओळखलंस ना? नसेल ओळखलं तर खाली सहीकडे बघू नकोस, आधी सगळं वाचून काढ. हे पत्र तुझ्या इरमच्या हाती पाठवतेय. ती माझ्याच वर्गात आहे, हे तिने तुला सांगितलं की नाही, कोण जाणे. जूनमध्ये हजेरी घेताना एक मुलगी पेन कानामागे खोचून, मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती आणि माझा पुढचा नंबर चुकला. तास संपल्यावर गाव विचारलं, तर आजरा. आईचं नाव विचारायची गरजच उरली नव्हती. तिच्याकडूनच कळलं, की तुझा काजूचा छोटा कारखाना आहे, हाताखाली नऊ बायका आहेत आणि तुझे यजमान उमरभाई तुला घाबरून असतात. खूप बरं वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, अम्मी घरात घोड्याचं नाव काढू देत न्हाय." त्यावर मी फळा पुसायला वळले.

आता माझी बातमी. जुले, माझी घोडी आहे! माझी स्वतःची, माझ्या पगारातून घेतलेली. बुटकी, काळपट तांबडी, कपाळावर टिकली आणि स्वभावाने अशी तिखट, की पहिल्याच दिवशी भाच्याचा, सम्राटचा शर्ट फाडला. म्हणून नाव लवंगी. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून इकडे गावोगाव घोडागाडीची मैदानं भरताहेत. सम्राटने हट्ट धरला, मी तोंडदेखलं रागावले आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. दिवाळीनंतर तिची पहिली शर्यत झाली. गाड्या सुटल्या तेव्हा आमची पाचवी होती. मागून मोटारसायकलींचा लोंढा, धूळ, शिट्ट्या. मी सम्राटच्या मित्राच्या गाडीवर मागे बसले होते, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरून. पुढे वळसा घेऊन गाड्या माघारी फिरल्या आणि लवंगीने कान मागे टाकले. बस्स. एकामागून एक चौघांना मागे टाकत ती अशी निघाली, की मी पंचेचाळीस वर्षांची बाई, कॉलेजातली प्राध्यापिका, भर रस्त्यात किंचाळले. घसा चार दिवस बसला होता. मुलांना सांगितलं, सर्दी झालीय. खरंच ती परतीच्या वाटेवरच पळाली गं. तू म्हणाली होतीस तसंच.

त्यानंतर तिने आणखी दोन मैदानं मारली आणि आमचा फोन थांबेना. रोज नवी जाहिरात येते. वर कुणाकुणाचे फोटो आणि खाली बक्षीस एवढ्या मोठ्या अक्षरात, की रस्ता कसा आहे ते शोधावं लागतं. येत्या रविवारी एकाच वेळी दोन मैदानं आहेत. शिरोळकडे पहिलं बक्षीस एक लाख एक्कावन्न हजार आणि मानाचं निशाण. कागलकडे पंधरा हजार आणि एक ढाल. शिरोळचा रस्ता डांबरी आहे, आणि वळसाही डांबरावरच. कागलचा रस्ता मातीचा आहे आणि परतताना तोंड आपल्या गावाकडे. सगळे मालक एकमेकांना फोन करून "काय पावणं, औंदा कुठं?" विचारतात आणि सगळेच खोटं सांगतात. सम्राटचा हिशेब ऐक: "आत्या, थोरली घोडी समदी शिरोळला जाणार, म्हणून बारकी कागलला जाणार. बारकी कागलला जाणार म्हणून थोरल्यातली दोन गुपचूप तिथंच येणार. म्हंजे शिरोळला जागा मोकळी हाय की!" मी त्याला वेड्यात काढलं. खरं सांगू? आतून मलाही शिरोळच हवंय. त्या आकड्याकडे मी अजून तशीच बघते, जशी लुना मिळणार म्हणून कॅलेंडरकडे बघत होते.

लुना तुला आठवत असेल. दहावीच्या सुट्टीत आबांनी कबूल केलं होतं, की शिरोळचं मैदान मारलं की लेकीला लुना. चाचा म्हणत होते की मालक, कागलला जाऊ, तिथला रस्ता आपल्या घोड्याचा हाय. आबांनी ऐकलं नाही, कारण कागलला बक्षीस चौथा हिस्साही नव्हतं. शर्यतीच्या दिवशी पहाटेच चाचा गाडी घेऊन पुढे गेले. पाखऱ्याला मागून टेम्पोत चढवायचं होतं. तेव्हा तू धावत आमच्या परड्यात आलीस. "संयू, पाखऱ्याचा डावा पाय गरम लागतोय. आबांना सांग. माझं कोण ऐकतंय, तुझं ऐकतील." मी हो म्हणाले. आबा दाराशी मिशीला पीळ देत उभे होते. दहा पावलांचं अंतर असेल. मी गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, लुना लालच घ्यायची हं."

पुढचं तुला माहीत आहे. डांबरावरच्या त्या वळशावर पाखऱ्या पडला तो पुन्हा उठला नाही. चार गावांसमोर आबा चाचांना म्हणाले, "घोडं सांभाळाय जमत नसंल तर मेंढरं राखा." चाचांनी खाली मान घातली. त्या संध्याकाळी तू त्यांना सांगितलं असणारच, की मी संयूला सांगितलं होतं. तरी त्यांनी आबांसमोर माझं नाव घेतलं नाही. आठवड्यात तुमचं सामान आजऱ्याला गेलं. टेम्पोच्या फाळक्याला धरून तू उभी होतीस आणि मी आमच्या माडीच्या खिडकीआड. तू वर बघितलंस. मी मागे सरकले. चाचा गेल्याचं मला यंदा इरमकडून कळलं, तेही ते जाऊन सहा वर्षं झाल्यावर.

परवा मी आबांना हे सांगितलं. ते आता त्र्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगणं फार अवघड असतं गं. त्यांनी कांबळ्याची सुटलेली दशी ओढून काढली. मग म्हणाले, "पाय मी बी चाचपला हुता. गरम हुता." मला वाटलं, आता रडतील. तर त्यांनी विचारलं, "शिरोळला औंदा बक्षीस किती म्हणालीस?" मी उठून बाहेर आले. त्यांचा राग आला आणि लगेच कळलं, की सकाळपासून मीही दहा वेळा तोच आकडा मनात म्हणतेय. आबांना ठाऊक होतं म्हणून माझं न सांगणं पुसलं जात नाही, जुले. तू मला सांगितलं होतंस आणि मी गप्प बसले, एवढंच माझ्या वाट्याचं आहे. मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते मागायचं तर तुझ्यासमोर उभं राहून मागेन.

आता हे पत्र का, ते सांगते. सोमवारी फेरीहून आल्यावर लवंगीच्या डाव्या पायावरून हात फिरवला, तर गुडघ्याखाली मला पाय गरम लागला. डॉक्टर बघून गेले, म्हणाले, सूज नाही, पळू दे. सम्राट म्हणतो, "आत्या, तुजाच हात गरम हाय." असेलही. माझ्या हातावर माझा भरवसा नाही, आणि मनावर तर त्याहूनही नाही. शिरोळची आणि कागलची, दोन्ही मैदानांच्या नावनोंदणीच्या चिठ्ठ्या भरून टेबलावर ठेवल्यात. दोन्हींवर घोडी तयार करणाऱ्याच्या जागी 'कुतुबुद्दीन यांची लेक जुलेखा' असं लिहिलंय, तुला न विचारता. तू येणार नाहीस, हे मला कळतं. इरम म्हणाली, तबेल्याचा वास आला तरी तू रस्ता बदलतेस. तरी मागते. शनिवारी सकाळच्या एसटीने ये, लवंगीच्या पायावरून एकदा हात फिरव आणि तू "न्हाय" म्हणालीस तर लाखाचं मैदान असो की पंधरा हजाराचं, ती पळणार नाही, हे सगळ्यांसमोर मला ओरडून सांगू दे.

तुझीच,
संयू